शिशीमाय

माझ्या मुलीच्या डोक्याला हात लावायची मुभा त्या काळात चार जणांना होती. ऑक्सफर्डचे सर्जन, त्यांच्या वॉर्डातली एक आयरिश नर्स, आमचे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आणि मी. नवरा स्वतः हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर, पण तो या यादीत नव्हता. एकदा मी त्याला तिचे केस विंचरायला दिले होते, तर त्यानं कंगवा उजव्या कानामागून असा काही ओढला की ते काम मी कायमचं काढून घेतलं. माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे त्याला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

मुलगी जन्मली तेव्हापासूनच तिच्या डोक्यात पाणी साठत होतं. दोन महिन्यांची असताना ऑपरेशन करून आत बारीक नळी घातली. ती नळी कातडीखालून मानेतून खाली पोटापर्यंत जाते आणि जास्तीचं पाणी तिकडे सोडते. उजव्या कानामागे, केसांखाली, त्या नळीचा व्हॉल्व्ह. बोट ठेवलं की वाटाण्याएवढा उंचवटा लागतो. अडीच वर्षांची असताना ती नळी तुंबली. सकाळी तिला उलटी झाली, मला वाटलं पोट बिघडलंय. मी तिला मऊ भात भरवला, चाइल्डमाइंडरकडे सोडलं आणि ऑफिसला जाऊन प्रोग्रॅम लिहीत बसले. दुपारी फोन आला की तिला जाग येत नाहीये. त्या दिवशी ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सफर्डला पोचेपर्यंत मी काय काय बडबडले ते मला आठवत नाही, पण तो भात मला अजून आठवतो.

तेव्हापासून माझी झोप गेली, रोज सकाळी तो उंचवटा तपासायची सवय लागली आणि जिभेला धार आली. सर्जन दर वेळी सांगायचे की हिला इतर मुलांसारखी वाढू द्या, धावू द्या, पडू द्या. मी मान डोलवायची आणि घरी येऊन टेबलाच्या कोपऱ्यांना फोम चिकटवायची. इंग्लंडातल्या आमच्या गावात, मिल्टन कीन्समध्ये, डॉक्टर आणि नवऱ्याच्या दोन मित्रांखेरीज कुणाला या नळीबद्दल ठाऊक नव्हतं. लोकांचं ‘अरेरे’ मला नको होतं. तिचे केस दाट होते, कानांवर येतील असे मीच कापायची. कुणी कौतुकानं तिच्या डोक्यावर हात ठेवायला आलं की मी मध्ये पडायची, “नको नको, हात नको लावू.” मुलांना असंच सांगायची, मोठ्यांना जरा हसून सांगायची. लोक मला विचित्र समजायचे. समजोत.

ती साडेचार वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. अकोल्याकडच्या एका खेड्यातल्या. तीन पोरांना त्यांनी बिड्या वळून शिकवलं होतं. त्या येताना खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या, नातीच्या डोक्याला लावायला. पहिल्याच दिवशी मी ती बाटली कपाटात वर ठेवली आणि त्यांना म्हणाले, “आई, तिच्या डोक्याला हात नका लावू.” कारणही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून नातीशी बोलताना दोन्ही हात पदराखाली घेऊन बसायला लागल्या. मला ते दिसत होतं. मी न दिसल्यासारखं करत होते.

दर रविवारी नवरा त्यांना तळ्याकाठच्या स्तूपावर घेऊन जायचा. तिथले जपानी भिक्खू हातातल्या सपाट ढोलावर टिपरू मारत प्रदक्षिणा घालायचे आणि सासूबाई त्यांच्यामागून, नाकापर्यंत गुंडाळलेली शाल आणि पायात नवऱ्याचे बूट, अशा चालायच्या. त्यांना ते लोक फार आवडायचे. भाषा येत नसूनही त्यांची आणि भिक्खूंची बरीच ओळख झाली होती.

आमच्या समोर, रेडवे म्हणतात त्या लाल पायवाटेच्या पलीकडे, एक जपानी कुटुंब राहायचं. नवरा कुठल्याशा इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत, सातला टाय लावून बाहेर पडणारा. बायको घरी, हसरी, जेमतेम इंग्रजी येणारी. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची. दोघी आमच्या बागेत खेळायच्या आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पहारा द्यायची.

जुलैमध्ये एके दिवशी ती बाई एक कागद घेऊन आली. त्यावर सिंहाच्या तोंडाचं चित्र होतं. जपानी कंपन्यांतले लोक मिळून एका शाळेच्या मैदानात त्यांच्याकडच्यासारखा देवळाचा उत्सव करणार होते. तिनं चित्रावर बोट ठेवलं. “शिशिमाइ,” ती म्हणाली. मग दोन्ही पंजे जोडून उघडबंद करून दाखवले. “मुलांचं डोकं चावतो. टक्. आजार खाऊन टाकतो. व्हेरी गुड फॉर चिल्ड्रन.”

मला फक्त दोन शब्द ऐकू आले, डोकं आणि चावतो. मी कागद घेतला, थँक यू म्हटलं आणि दार लावून घेतलं. सप्टेंबरमध्ये मुलगी शाळेत जाणार होती. तिथे तीस मुलं, झोके, घसरगुंडी, आणि तिथे मी नसणार होते. मी मुख्याध्यापिकेला पत्र लिहून ठेवलं होतं, की हिला मधल्या सुट्टीत वर्गातच बसवून ठेवा. नवरा त्या पत्राला टपालपेटी दाखवू नकोस म्हणून हात जोडत होता. आणि त्यात आता हा सिंह.

संध्याकाळी जेवताना मी सहज बोलल्यासारखं केलं. “समोरच्यांचा कसलासा उत्सव आहे. शिशीमाई म्हणून काहीतरी येते.”

सासूबाईंचा घास हातात राहिला. “कोन माय?”

“शिशीमाई. सिंहाचं तोंड, पुढे ढोल वाजतो. पोरांचा आजार खाते म्हणे.”

“मंग ते मरीमायच म्हना ना,” त्या म्हणाल्या आणि ताट बाजूला सारलं.

सासूबाईंच्या लहानपणी गावात पटकी आली की मरीमायचा गाडा निघायचा. सगळ्या गावाची रोगराई त्या गाड्यावर बसवून दुसऱ्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायची, आणि हे काम आमच्या वस्तीचं. रोग गावाचा, वाहायचा आम्ही. त्यांचे वडील ढोलापुढे चालायचे. पुढे बौद्ध धम्माची दीक्षा झाली तेव्हा सासूबाई नुकत्याच सून म्हणून आल्या होत्या. घरातली मरीमायची टोपली त्यांनी स्वतः डोक्यावरून नदीवर नेली आणि पाण्यात सोडली. “टाकतानी हात कापत होते,” त्या सांगायच्या, “पन टाकली.” एवढं केलेली बाई. तिच्यापुढे मी इंग्लंडात माईचं नाव काढलं होतं.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मला पाहिजे होतं ते कारण आयतं ताटात वाढून मिळालं. मी लगेच गंभीर झाले. “बरोबर आहे आईंचं. आपण बौद्ध. देवी-बिवी आपल्याला चालत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आपण.” हे बोलणारी मी, जी सहा-सात महिन्यांत वंदनेला गेले नव्हते.

नवऱ्यानं विचारलं, “हे तू प्रतिज्ञेमुळे म्हणतेयस?”

“मग कशामुळे?”

त्यानं ताट उचललं आणि सिंककडे गेला. बायकोला भीती वाटते हे माहीत असणं वेगळं आणि तिच्या तोंडावर म्हणणं वेगळं. त्याला दुसरं जमायचं नाही. मला तर दोन्ही जमायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी समोरच्या बाईला सांगितलं, आमच्या धर्मात गॉडेस मानत नाहीत, म्हणून आम्हाला येता येणार नाही. “गॉडेस?” ती गोंधळली. मग पुन्हा पुन्हा वाकून सॉरी म्हणाली आणि आत गेली. बिचारीचं काही चुकलं नव्हतं. मला माझाच राग आला, पण मी तो बागेतल्या गवतावर काढला.

माझ्या मुलीनं मात्र हट्ट धरला. समोरच्या मुलीनं तिला सगळं शिकवून ठेवलं होतं. दोन्ही हातांचा जबडा करून ती घरभर उशा चावत फिरायची. “मला तो लायन बघायची आहे,” दिवसातून वीस वेळा. तिचं मराठी असंच, स्त्रीलिंग पुल्लिंग ज्याचं त्यानं बघून घ्यावं. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “दुरून पाहाले काय जाते? आपल्याले काही तिची ओटी नाही भरा लागत.” मग आम्ही गेलो. नवऱ्याची ड्यूटी होती, आम्ही तिघीच.

मैदानाच्या एका कडेला त्यांनी लाकडाचं छोटं देऊळ उभारलं होतं, माणसाच्या उंचीचं. त्याला गवताचा जाड दोर आणि दोराला पांढऱ्या कागदाच्या घड्या लटकवलेल्या. नेहमी टायमध्ये दिसणारी माणसं निळे सदरे घालून, कपाळाला फडकी बांधून नूडल्स परतत होती. मी गर्दीच्या मागे, कारपार्कजवळच्या दोराला लागून जागा धरली. मुलीला माझ्यापुढे उभं केलं आणि तिचे दोन्ही खांदे पकडले. पळायचं झालं तर गाडी वीस पावलांवर होती. मी मोजून ठेवलं होतं.

बासरी वाजली, ढोल वाजला आणि सिंह आला. लाल चकचकीत लाकडी तोंड, सोनेरी दात, पाठीवर हिरवं कापड आणि त्यावर पांढरी वेटोळी. कापडाखाली दोन माणसांचे पाय. तो आधी देवळापुढे वाकला, मग झोपल्यासारखा पडला, मग अंग झाडून उठला, कान हलवले. मुलं किंचाळून हसत होती. मला त्याच्या जबड्याखेरीज काही दिसत नव्हतं. टक्. टक्. कोरड्या लाकडावर लाकूड. मी मनात त्याचं वजन करत होते. आतल्या माणसाला बाहेरचं कितपत दिसत असेल, त्याचा हात सुटला तर, तो अडखळला तर. लोक आपापली तान्ही बाळं उचलून त्याच्यापुढे धरत होते. बाळं रडत होती, आया हसत होत्या, कॅमेरे चमकत होते. या बायकांना काही वाटत कसं नाही, असं मला वाटत होतं, आणि त्यांचा हेवाही वाटत होता.

सासूबाई टक लावून बघत होत्या. “हिच्यापुढं कोंबडं नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “अंगातही कोनाच्या येत नाही. कशाची माय ही?”

पुढची रांग संपली तसा सिंह गर्दीतून मागे यायला लागला. लोकांनी वाट करून दिली. मला वाटलं तो वळेल. तो वळला नाही. माझ्या मुलीनं हात वर केले होते, तिनंच त्याला बोलावलं होतं. तो लाल जबडा आमच्यापुढे उघडला आणि खाली आला. मी काय करतेय ते मला कळायच्या आत माझा उजवा हात तिच्या डोक्यावर पालथा पडला होता. जबडा माझ्या बोटांवर मिटला. टक् असा आवाजसुद्धा झाला नाही, इतका हलका. आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. सिंहानं मला वाकून नमस्कार केला आणि तो पुढे गेला.

मुलगी वळली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. तिनं नीट माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, “आई, माझा डोकं शी आहे?”

“काय?”

“डर्टी. शी आहे का?”

“असं कोण म्हणालं तुला?”

“तू. तू एव्हरीबडीला म्हणते, हात नको लावू. बिनला पण तसंच म्हणते. डॉगच्या शीला पण.” ती मला दोष देत नव्हती. तिला फक्त माहिती हवी होती.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. हात नको लावू, हे शब्द त्या बाईनं जन्मापासून ऐकले होते. विहिरीवर, दुकानात, शाळेच्या ओट्यावर. ते मागे टाकायला त्या किती चालून आल्या होत्या. आणि त्यांच्याच घरात, त्यांच्याच नातीच्या डोक्यावरून, मी ते शब्द रोज म्हणत होते. त्यांनाही म्हणाले होते. पहिल्याच दिवशी.

“ते बोल आपल्या घरात नको, बाई,” त्या एवढंच म्हणाल्या. रागावून नाही. विनंती केल्यासारखं. त्या रागावल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

मला इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही. मी मुलीचा हात धरला आणि सिंह गेला त्या दिशेनं निघाले. काय करायचं ते ठरलं नव्हतं. उभं राहवत नव्हतं एवढंच.

तंबूच्या मागे सिंहाचं तोंड गवतावर ठेवलेलं होतं आणि त्याच्याशेजारी मानेभोवती टॉवेल टाकून आमचा समोरचा शेजारी बसला होता. घामानं थबथबलेला. बायको त्याला पाणी देत होती. आम्हाला बघून दोघं उठून उभे राहिले. त्याला वाटलं मी तक्रार करायला आले.

“सॉरी,” तो म्हणाला. “तुमच्या धर्मात गॉडेस चालत नाही. वाइफनं सांगितलं होतं. मला आतून दिसलं नाही तुम्ही आहात ते. पण कोणती गॉडेस?”

“शिशीमाई,” मी म्हणाले. “आमच्या भाषेत माई म्हणजे मदर. गॉडेस.”

त्यानं बायकोकडे पाहिलं. मग हसू दाबत म्हणाला, “शिशी म्हणजे लायन. माइ म्हणजे डान्स. ओन्ली डान्स.”

सासूबाई मागून येऊन पोचल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, “आई, त्यांच्यात माई म्हणजे नाच.”

“नाच?” त्यांनी गवतावरच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मंग आता काहून अडली?”

मी कशामुळे अडले होते ते त्यांना पहिल्यापासून कळत होतं. आता माझ्याकडे प्रतिज्ञाही उरली नव्हती. मी समोरच्या दोघांना सांगितलं. इथे, कानामागे, व्हॉल्व्ह आहे. डोक्यात नळी आहे. दोन ऑपरेशनं झालीत. मला भीती वाटते. त्या गावात हे वाक्य मी पहिल्यांदाच कुणापुढे उच्चारलं होतं आणि ते संपेपर्यंत माझा आवाज चिरकायला लागला. बाई ‘अरेरे’ म्हणाली नाही. नवऱ्यानं जपानीत नीट समजावल्यावरही नाही. मग तो माझ्याशी नाही, माझ्या मुलीशी बोलला. “तू मला दाखव. किती जोरात?”

त्यानं ते लाल तोंड उचलून तिच्या हातात दिलं, खालून आधार दिला. आतल्या बाजूला लाकूड कोरं होतं आणि जबडा हलवायला एक दांडी होती. तो गवतावर गुडघे टेकून बसला आणि डोकं पुढे केलं. माझ्या मुलीनं दोन्ही हातांनी दांडी धरली आणि त्याच्या डोक्यावर जबडा मिटला. टक्.

“टू हार्ड,” तो म्हणाला. तिनं पुन्हा केलं. “थोडं अजून हलकं.” पुन्हा. “यस. एवढंच?” तिनं मान हलवली. मग त्यानं तोंड परत घेतलं, दोन्ही हात आत घातले आणि माझ्याकडे पाहिलं. मला नको म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलं होतं. मी हात पाठीमागे बांधले, एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं, आणि मान हलवली.

मी डोळे मिटले नाहीत. सोनेरी दात तिच्या केसांवर टेकले. ती दोन्ही हात अंगाला चिकटवून ताठ उभी होती, तोंड उघडं, श्वास धरलेला. टक्. झालं. सिंहानं तोंड उचललं तेव्हा तिच्या केसांचा भांग विस्कटला होता, बाकी काही नाही. ती खुदकन हसली आणि तंबूपाशी उभ्या असलेल्या शेजाऱ्यांच्या मुलीला सांगायला दोन पावलं धावली, मग माझ्याकडे परत आली.

मी खाली बसले. आणि कसलाही विचार न करता, तिचे विस्कटलेले केस सारखे करायला, तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तिनं लगेच मान डावीकडे कलती केली, उजवा कान दोन बोटांनी पुढे दुमडून धरला आणि हलू नये म्हणून श्वास रोखून उभी राहिली. रोज सकाळी बाथरूमच्या दिव्याखाली उभी राहायची तशी.

“मी तपासत नाहीये गं,” मी म्हणाले.

“मग काय करते?” तिनं विचारलं. कान तिनं धरूनच ठेवला होता.